मास्तर, बेल द्या

आमच्या गाडीची पहिली पायरी उंच. तरण्याताठ्या माणसालासुद्धा दांडी धरून वर यावं लागतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं तर विचारूच नका. नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, ही पायरी ज्याने केली त्याच्या डोक्यावर एकदा भाजीचं टोपलं द्यावं, काखेत पोर द्यावं आणि म्हणावं, चढ आता. पण आमच्या ड्रायव्हरकाकांचा त्या पायरीवर भारी जीव. "मास्तर, ही पायरी नाही, मशीन आहे," ते म्हणायचे. "माणूस वर आला की लगेच कळतं, आत काय चाललंय."

मास्तर म्हणजे मी. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे, आणि मी बाईमाणूस म्हणून काही काकांनी ती मोडली नाही. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "अहो, मी तुमच्या मुलीच्या वयाची. ताई म्हणा, नाहीतर नावाने हाक मारा." तर म्हणाले, "ताई घरी. गाडीत मास्तर." झालं. डहाणूहून निघायचं, आशागड-गंजाड करत चारोटीच्या नाक्यावर यायचं आणि तिथून हायवेने तलासरी, अशी आम्ही कित्येक वर्षं जोडीने ये-जा केली आणि मी शेवटपर्यंत मास्तरच राहिले.

तर पायरी. काका सीटवर बसून, मान न वळवता ऐकत असायचे. कोण एका दमात चढला, कोण दांडी धरून मध्येच थांबला, कोण वर येऊन धापा टाकत उभा राहिला, सगळं. मग आरशात बघून निकाल. "बाबा, विडी कमी करा." "मावशी, सुकट खाता ना रोज? मीठ असतं त्यात, मीठ." लोक बिचारे तिकिटाचे पैसे हातात धरून बघत राहायचे, की आता हे काय नवीन.

निकाल बरेचदा चुकायचेही, हेही सांगते. एकदा गंजाडला एक बाई चढली, धापा टाकतेय, घाम आलाय. काका गंभीर आवाजात म्हणाले, "बाई, छाती तपासून घ्या." ती पदर बाजूला करून म्हणाली, "छाती नको, पोट बघा! दिवस भरलेत माझे." सगळी गाडी हसली. काका कानापर्यंत लाल झाले. घोलवडचे एक चिकूच्या नर्सरीवाले शेठ होते, गुजराती बोलणारे. त्यांचं पोट त्यांच्या आधी गाडीत यायचं. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. तर शेठ म्हणाले, "तमे गाडी चलावो ने, भाई. मारुं पेट हुं चलावीश." म्हणजे गाडी तुम्ही चालवा, माझं पोट मी चालवतो. मी तिकीट फाडता फाडता हसून हसून बेजार.

काका स्वतः वाळवलेल्या बोंबलासारखे. अंगावर मांस म्हणून नाही. त्यामुळे त्यांना कुणी उलट बोलायला जागाच नसायची. चारोटीला जेवायला थांबलो की ताटातला पापड उचलून शेजारच्या ताटात ठेवणार, लोणच्याकडे असं बघणार की जणू विंचू आहे, आणि डाळ "बिनमिठाची आणा" म्हणणार. हॉटेलवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, माझं हॉटेल आहे, दवाखाना नाही." काका शांतपणे म्हणाले, "तुझ्याकडे जेवून तिकडेच जातात ना लोक." पुढचा महिनाभर आम्हाला त्या हॉटेलात चहासुद्धा थंडच मिळाला. मला, माझा काही दोष नसताना.

आणि त्या प्रदक्षिणा! तलासरीच्या पुढे एका पाड्यावर आमची फेरी संपायची. एक मोठं चिंचेचं झाड, त्याच्या सावलीत गाडी उभी. मी माझा हिशेब जुळवत बसायचे आणि काका गाडीभोवती चालत सुटायचे. भराभरा, हात हलवत, एकामागून एक फेरे. "दिवसभर बसून असतो मास्तर. बसून राहणाऱ्याचं रक्तसुद्धा बसून राहतं." पाड्यावरच्या लोकांना वाटलं, ह्या गाडीला काहीतरी देवाचं आहे. एका म्हातारीने तर एक दिवस पुढच्या जाळीला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल खोचलं. मी काकांना म्हटलं, "बघा, तुमच्यामुळे गाडी देवळात जमा झाली." ते म्हणाले, "असू दे. त्या निमित्ताने म्हातारी घरातून इथवर चालत आली की नाही?"

हे खूळ डोक्यात आलं कुठून? तर त्यांचा थोरला भाऊ. वाणगावजवळ त्याची भाजीची वाडी होती. धडधाकट माणूस, एका सकाळी वांगी काढता काढता वाफ्यात बसला तो उठलाच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "अचानक गेला हो." काकांना त्या शब्दाची चीड बसली. "अचानक कसलं? दिवसभर तंबाखू दाढेत, जेवणात मिरची-मीठ तेवढं, रात्री झोप नाही, आणि डॉक्टरचं तोंड कधी बघितलं नाही. तो वर्षानुवर्षं चालला होता, मास्तर. आम्हाला अचानक कळलं एवढंच." हे सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. मग मीही चेष्टा करत नसे.

त्यानंतर आमच्या डेपोत एका डॉक्टरांचं भाषण झालं, हृदयाच्या आजारावर. सगळे ड्रायव्हर-कंडक्टर खुर्च्यांवर बसून डुलक्या काढत होते. एकटे काका पुढे वाकून ऐकत होते. मीठ, तंबाखू, चालणं, पोटाचा घेर, झोप, एकेक मुद्दा त्यांनी गाठीला बांधला. डॉक्टर शेवटी म्हणाले, "आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, औषधं." एवढ्यात आमच्या गाडीची वेळ झाली. काका उठून गाडीवर गेले. माणूस वेळेचा पक्का! मला नेहमी वाटतं, त्या दिवशी आमची गाडी जरा उशिरा असती तर फार बरं झालं असतं.

कारण काकांना ब्लडप्रेशर होतं. चांगलं सणसणीत. आणि गोळी ते घेत नव्हते.

हे मला कळलं ते तपासणीच्या वेळी. आमच्यात ड्रायव्हरची तब्येत अधूनमधून तपासतात. डोळे, साखर, प्रेशर. तपासणी जवळ आली की काका आठवडाभर आधी गोळ्या सुरू करायचे. जोडीला सकाळी दुधीचा रस. तपासणीत आकडा बरा यायचा, काका खूश, आणि गोळ्यांची पट्टी परत डब्यात. हे त्यांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, परीक्षेत कॉपी करून पास झालेलं पोरगं सांगतं तसं. माझं टाळकंच सटकलं.

"काका, रोज घ्यायची असते ती."

"गोळीची सवय लागते मास्तर. एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही."

"रोज जेवता ना? त्याची नाही सवय लागली? रोज दात घासता. सोडा की!"

"तुम्हाला कळत नाही. मी सगळं पाळतो. मीठ नाही, विडी नाही, चालतो. मग गोळी कशाला?"

"सगळं पाळूनही प्रेशर वर आहे, म्हणून गोळी. डॉक्टरांनी काय शोभेला लिहून दिलीय?"

 मग खरं काय ते बोलले. "रोज गोळी घेतो तो पेशंट. पेशंटच्या हातात गाडी कोण देतं? एकदा शिक्का बसला की मला गाडीवरून काढून डेपोत टेबलावर बसवतील. मास्तर, मी स्टिअरिंगशिवाय काय करू? मला दुसरं काय येतं?"

मी सांगून थकले की गोळीने प्रेशर जागेवर राहील आणि स्टिअरिंगही हातात राहील. उलटं नका धरू. पण आपल्याकडच्या माणसाला मीठ सोडा म्हटलं तर एकवेळ सोडेल, गोळी घ्या म्हटलं की त्याला वाटतं आपण त्याला म्हातारा म्हणतोय. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा डेपोच्या दारात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं ऐकलं असतं तर मी हे तुमच्यापर्यंत येऊ दिलं असतं का?" दोघी हताश होऊन हसलो.

आता बेलचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. आमच्या जुन्या गाडीत छताला दोरी होती. ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजते. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. सगळेच ड्रायव्हर पाळतात, पण कधी कधी घाईत आवाजावरही निघतात, "चला चला" म्हटलं की. काका नाही. काकांसाठी बेल म्हणजे बेल. मी दोन घंट्या दिल्याशिवाय त्यांनी गाडी बोटभरसुद्धा हलवली नाही. एकदा गाडीत एक पुढारी होते, पांढरेशुभ्र कपडे, कुठल्याशा सभेला उशीर होत होता. मी खाली उतरून एका म्हातारीचं बोचकं वर चढवत होते. पुढारी ओरडले, "अरे काढ गाडी, मी सांगतोय!" काका म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगताय, पण मास्तरने बेल दिली नाही." पुढारी खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी मला माझ्या खाकी कपड्यांचा जो काही अभिमान वाटला म्हणता!

ती सकाळ थंडीची होती. भातकापणी होऊन गेलेली, हवेत गारवा, पोरं कानटोप्या घालून गाडीत. आम्ही तलासरीहून डहाणूला परत निघालो होतो. गाडी भरलेली: कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका आणि मागच्या बाजूला ते घोलवडचे शेठ, तलासरीला रोपांच्या कामाला आले होते. त्याआधी पाड्यावर काका गाडीतून उतरलेच नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फेरे घालायचे सोडून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "झोप पुरी झाली नाही."

चारोटीला थांबलो. माणसं चढली-उतरली. मी दोरीला हात घातला आणि सहज पुढे बघितलं. काकांची कॉलर ओलीचिंब. त्या थंडीत! डावा खांदा चोळत होते, मग जबडा चोळला, मग परत खांदा. मी पुढे गेले.

"काय होतंय?"

"काही नाही. खांदा धरलाय. गिअर जड झालाय."

"तोंड का चोळताय?"

"दाढ असेल. बेल द्या मास्तर, डहाणूला गेल्यावर बघू."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आजूबाजूचे लगेच डॉक्टर झाले. एक बाई म्हणाली, "गॅस असेल, ओवा द्या." एकजण सोडा आणायला खाली उतरला. काका स्वतः म्हणाले, "हो, गॅसच."  आयुष्यभर लोकांच्या छातीची चौकशी करणारा माणूस स्वतःच्या छातीला गॅस म्हणत होता.

मी म्हटलं, "गाडी बंद करा. दवाखान्यात चला."

"मास्तर, बेल."

"नाही देत."

"का?"

"माझी मर्जी."

"अहो, गाडी भरलेली आहे. डहाणू काय लांब राहिलंय? मी नेतो. आजवर एक फेरी चुकली नाही माझी."

"म्हणूनच नाही देत. गाडी भरलेली आहे म्हणूनच. तुम्ही मध्ये कुठे मान टाकलीत तर ह्या पोरांचं काय? आणि तुमचं काय?" मला ओरडायचं नव्हतं, पण आवाज चढला. रडूही येत होतं आणि रागही.

गाडीत गलका सुरू झाला. कुणाला कामाला जायचं, कुणाला रेल्वे गाठायची. शेठ मागून ओरडले, "अरे बेन, घंटी मारो ने!" आणि एका पठ्ठ्याने उभं राहून स्वतःच दोरी ओढली. टिंग टिंग.

काकांचा हात गिअरवर गेला.  मग हात तिथेच थांबला. त्यांनी आरशात बघितलं. "ही बेल कुणी दिली?" त्यांना माझ्या हाताची बेल कळायची. मी आरशाकडे बघून दोन्ही हात जोडले. "मी नाही दिली काका. मी देणार नाही."

इंजिन घुरघुरत होतं. आरशातून ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्यांना कळलं होतं. आज हा हात खाली आला की परत स्टिअरिंगवर जाणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मग त्यांनी हात बाजूला घेतला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. 

पुढचं सगळं शेठनी केलं, खोटं कशाला बोलू. धावत खाली उतरले, हायवेवर हात पसरून उभे राहिले आणि ओळखीच्या एकाची कार अडवली. दोघातिघांनी काकांना उचलून आत ठेवलं. शेठ शेजारी बसले, काकांचं डोकं त्यांच्या त्या मोठ्या पोटाला टेकलेलं. मला जाता येईना, गाडी आणि माणसं माझ्या ताब्यात. कार निघून गेली आणि मी रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडले. मग उठून सगळ्यांना मागून आलेल्या गाडीत बसवून दिलं.

हृदयविकाराचा झटकाच होता. जवळच्या दवाखान्यात पहिले उपचार झाले, तिथून मोठ्या रुग्णालयात नेलं, स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून. दोन दिवसांनी मी भेटायला गेले. मला वाटलं होतं, हात धरतील, काहीतरी बोलतील. काकांनी मला बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही बेल दिली नाही मास्तर." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

स्टिअरिंग गेलं ते गेलंच. डेपोत बसून करायचं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही, निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना नमस्कार केला, सगळ्यांना पेढा दिला. माझ्यासमोर पेढ्यांचा पुडा धरला आणि दुसरीकडे बघितलं. पेढा मी घेतला. घशाखाली उतरला नाही, पण घेतला. मी त्यांच्या जागी असते तर मीही असंच केलं असतं, असं स्वतःला पुष्कळदा समजावलं. लागायचं ते लागलंच.

मध्ये एकदा वाणगावच्या बाजारात काकू भेटल्या. मेथीची जुडी निवडत होत्या. मी भीत भीत विचारलं, "काका कसे आहेत? गोळ्या घेतात का?"

"घेतात तर! एक चुकवत नाहीत."

"आणि माझ्यावरचा राग?"

काकू हसायला लागल्या. जुडी खाली ठेवून माझा हात धरला. "राग आहे म्हणून तर घेतात. रोज सकाळी गोळी तळहातावर ठेवतात, तुमचं नाव घेतात, 'तिने मला खाली उतरवलं, तिने मला पेशंट केलं,' म्हणून मनसोक्त बोटं मोडतात, आणि मग पाण्याबरोबर गिळतात. शिव्या दिल्याशिवाय घशाखाली जात नाही म्हणतात. मी काही बोलत नाही हो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं! मी घरी येईपर्यंत हसत होते आणि डोळे पुसत होते.

आता माझी सकाळची पहिली फेरी असते. गाडी डेपोतून बाहेर पडता पडता मला हटकून उचकी लागते. नवा ड्रायव्हर भला मुलगा आहे, लगेच बाटली पुढे करतो, "मॅडम, पाणी प्या, कुणीतरी आठवण काढतंय." मी बाटली परत देते. लागू दे उचकी. काकांनी गोळी घेतली म्हणायची.